ग्रहणात उघडलेलं दार

त्या वर्षी आमच्या गल्लीत डोहाळजेवणांचा सुकाळ होता, आणि एकाचंही बोलावणं मला आलं नाही. बायका वाईट नव्हत्या. विहिरीवर भेटल्या की बोलायच्या, भरलेली गुंडी डोक्यावर चढवायला हात द्यायच्या. पण ओटी भरायच्या दिवशी आमच्या दारावरून जाताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. जिचं पहिलं लेकरू बारशाआधी गेलं, आणि तेही फाटक्या ओठाचं होतं, तिची सावली गर्भारणीवर पडू नये, एवढंच त्यांना वाटत असे. मलाही त्यात फारसं चूक वाटत नव्हतं, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नव्हतं. ज्या दुःखात रागावायलाही कोणी सापडत नाही, ते दुःख फार एकटं पाडतं.

आमचं गाव रोहण्याच्या अलीकडे, आर्वी-पुलगाव रस्त्यापासून थोडं आत. मालक पुलगावच्या कापडगिरणीत होते. तिथेच चारजणांत खोली करून राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. आले की अर्धा दिवस झोपायचे, उरलेला अर्धा शेताकडे जायचा. घरात मी आणि सासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. माझी आई मी परकरात असतानाच गेली, वडिलांनी दुसरं घर केलं, त्यामुळे माहेर होतं पण बाळंतपणाला हक्काने जावं असं नव्हतं. तेव्हा पहिलं बाळंतपण सासरीच झालं. गावच्या दाईने केलं, तेही नीट झालं. मुलगा झाला. दाईने त्याला उजेडात धरलं आणि आत्याबाईंना जवळ बोलावलं.

वरचा ओठ मधोमध नाकापर्यंत उकललेला होता. त्याला ओढून पिता येत नव्हतं. मी छातीशी धरायची, तो धडपडायचा, आणि गेलेलं थोडंसं दूध नाकातून बाहेर यायचं. भुकेने रडायचा, मग रडायचाही थकला. बारशाची तयारी सुरू व्हायच्या आधीच तो गेला, त्यामुळे त्याला नावसुद्धा नाही. माझे दिवस भरत आले असताना एकदा चंद्राला ग्रहण लागलं होतं आणि त्या संध्याकाळी मी अंबाडीची भाजी चिरत बसले होते, असं कोणाला तरी आठवलं. मला ते आठवत नव्हतं. पण गिराण लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं आणि मीही ठरवलं. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. आत्याबाई तर मलाच जवळ घेऊन रडल्या. बोलणी खाल्ली असती तर मला वाटतं थोडं हलकं वाटलं असतं.

पुढची काही वर्षं मी गणपतीशी बोलून काढली. आमच्या देवघरात पितळेचा एक लहानसा गणपती आहे, सोंडेकडून झिजलेला. सकाळी त्याला आंघोळ घालताना मी त्याला सगळं सांगायची. गायीने किती दूध दिलं, मालक आले नाहीत, कोणाकडे ओटी भरली. तो काही म्हणायचा नाही. कधीकधी मला त्याचा रागही यायचा. विघ्नं हरणारा म्हणतात तुला, आणि माझ्या लेकराला एक घोट गिळवता आला नाही तुला, असं मी त्याला तोंडावर म्हणाले आहे. म्हणायची आणि मग त्याच्याच पायाशी डोकं टेकायची, कारण दुसरीकडे टेकायला जागा नव्हती. श्रद्धा होती की निव्वळ सवय, हे मला त्या काळात खरंच सांगता आलं नसतं.

मग मला पुन्हा दिवस गेले. सुरुवातीला मी कोणालाच सांगितलं नाही, गणपतीलाही नाही. आठवा लागला तशी बातमी आली, की माघ महिन्यात सूर्याला मोठं ग्रहण लागणार आहे, आणि तेही भर दुपारी. रेडिओवर रोज तेच, पारावर तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्याबाई गुरुजींकडे जाऊन सगळं विचारून आल्या. गर्भारणीने अंधाऱ्या खोलीत पाय लांब करून बसायचं, अंग मोडायचं नाही, काही चिरायचं नाही, तोडायचं नाही, दोरासुद्धा नाही. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, डोळा लागू द्यायचा नाही. ओटीत नारळ घेऊन सुटेपर्यंत नाम घ्यायचं. हे सगळं ऐकून मला धीर आला म्हणा ना. मागच्या वेळी मला माहीत नव्हतं. या वेळी एवढंच तर करायचं होतं, आणि न हलता बसण्यात माझ्याशी बरोबरी करेल अशी बाई त्या गावात नव्हती.

त्या दिवशी सकाळपासूनच गाव बसल्यासारखं झालं. शाळा नव्हती, गुरं सोडली नव्हती. आत्याबाईंनी पाण्याच्या गुंडांत तुळशीची पानं टाकली, देवघरावर धुतलेलं धोतर पांघरलं, माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीत पोतं कोंबलं. ग्रहणात देवळाच्या सभामंडपात भजन ठरलं होतं. त्या जाऊ की नको करत होत्या. मीच म्हटलं, तुम्ही जा, तुमचं पुण्य मला लागेल. आणि वरून हेही मीच म्हटलं, की जाताना बाहेरून कडी लावा. तहान फार लागायची मला त्या दिवसांत. माठाकडे पाय वळले तर, याची भीती. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कडी लावली आणि गेल्या.

किती वेळ बसले कोण जाणे. टाळांचा आवाज ऐकू येत होता. एकाएकी मला खाली ओलं लागलं. आधी वाटलं, लघवी आवरली नसेल, आठव्यात होतं असं. मग ते ओलं कोमट वाटलं, आणि वाढतच गेलं. अंधारात हाताला चिकट लागलं. नाकाशी नेलं तर वासाने कळलं. पण पोटात दुखत नव्हतं. एक कळ नाही, काही नाही. आमच्याकडे बाळंतपण म्हणजे कळा. कळा नाहीत म्हणजे घाबरायचं कारण नाही, असंच मी आयुष्यभर ऐकत आले होते. तेव्हा मी काय केलं असेल? मी हललेच नाही. पाय तसेच लांब, नारळ तसाच ओटीत. देव आपल्याला पाहतोय, मागच्या वेळी चुकलीस, आता नीट बस, एवढंच डोक्यात. लुगडं भिजून खालची गोधडी भिजली तरी मी नाम घेत बसले होते.

मग कानात घूं व्हायला लागलं आणि नाम विसरायला लागलं. तोंडाने "गणपती" म्हणावं तर पुढचा शब्द सापडेना. तेव्हा भीती उतरली ती थेट तळपायापर्यंत. मी आत्याबाईंना हाक मारली. टाळ, मृदंग आणि सगळ्या गावाचा मिळून आवाज. त्यात माझी हाक कोणाला ऐकू जाणार! देवाला म्हणावं तर त्याच्यावर कापड, माझ्या दाराला कडी. आम्ही दोघंही कोंडलेले. माझ्या जन्मात मला त्या घटकेएवढं एकटं कधी वाटलं नाही. आई गेली तेव्हाही नाही, मुलगा गेला तेव्हाही नाही. मी त्याला म्हटलं, की आता मला काही नेमधर्म कळत नाही, बसू की उठू तेही कळत नाही, तूच सांभाळ, कोणालाही पाठव. कोणालाही, असंच म्हणाले. मग भिंत धरून उठले आणि खिडकीतलं पोतं ओढून काढलं.

बाहेर ऊन होतं, पण कंदिलाची काच काजळल्यावर पडतो तसला उजेड. मागच्या पांदणीत चिटपाखरू नाही. मी हाका मारत राहिले. आणि त्या बंद पडलेल्या गावात एक बाई डोक्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आपली नेहमीच्या चालीने चालली होती. ती थांबली.

"कोन आवाज देऊन राह्यलं व?"

ती पंचफुलाबाई होती. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती, तिथली. चाळिशीची असेल. आमच्या शेतात कापूस वेचायला यायची, म्हणून तोंडओळख. पण बोलणं असं कधी झालेलं नव्हतं. त्यांच्या वस्तीत ग्रहण पाळत नसत. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी हे सगळं सोडलं होतं, आणि आमच्या आळीत त्यावरून नाकं मुरडली जायची. साऱ्या गावात त्या दुपारी रस्त्याने चालू शकणारी माणसं तेवढीच होती, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "मावशी, मला रक्त जातंय."

भारा धाडकन खाली पडला. ती खिडकीशी आली. "दुखते काय?"

"नाही. काहीच दुखत नाही."

"तेच वाईट," ती म्हणाली. "कडी कोनं लावली? थांब, मी येते."

पुढून वळसा घालून ती अंगणात आली, ओसरीवर चढली. ओसरीला लागूनच माझी खोली. कडी निघाली, दार उघडलं, आणि उंबऱ्याबाहेरच ती थबकली. आमच्या घरात ती ओसरीच्या पुढे कधी आलेली नव्हती, आत देवघर होतं. माझी ती अवस्था पाहूनसुद्धा तिने विचारलं, "येऊ आत?" त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते, तिची नव्हे, ते तिला विचारावे लागले याची. मी म्हटलं, "या हो, लवकर या."

तिने माझं लुगडं पाहिलं, कपाळाला हात लावला. "चाल, दवाखान्यात न्या लागते तुले."

"मावशी, ग्रहण..."

"मले ठाऊक हाय तुले काय वाटते ते. पन आयक. ते नर्सबाई येते ना आमच्या विहारात, बायाले जमवून सांगते. तिनं सांगलं हाय, कळा नसल्या अन् रगत दिसलं तं घडीभर घरी थांबू नका. दाईलेही हात लावू देऊ नका, म्हने. सीधं मोठ्या दवाखान्यात."

नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या हे मला माहीत होतं. त्या बसायच्या विहाराच्या ओट्यावर, कारण बाकी गावात त्यांना कोणी बसायला जागा दिली नव्हती. विहारात जायचं म्हणजे खालच्या वस्तीत जायचं. आमच्या आळीतली एकही बाई कधी तिकडे फिरकली नाही. मीही नाही. बोलणं सगळ्यांसाठीच होतं, ऐकलं अर्ध्या गावाने.

"लेकराला काही झालं तर?" मी म्हटलं. "मागच्या वेळी..."

तिने माझा दंड धरला. मागचं तिलाही माहीत होतं, गावात काय झाकून राहतं! ती जरा नरमाईने म्हणाली, "पोरी, इथं बसून राह्यली तं मागचं नाई अन् पुढचं नाई. उठ. मह्या खांद्यावर वजन टाक."

शरण जाणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला वाटायचं, जिथे ठेवलं तिथे गुमान बसणं म्हणजे शरण. त्या क्षणी माझ्यासमोर एक खांदा होता, आणि त्यावर वजन टाकायचं म्हणजे माझ्या सगळ्या जपलेल्या नेमावर पाणी सोडायचं होतं. मी ओटीतला नारळ देवघराच्या उंबऱ्याशी ठेवला आणि वजन टाकलं. फार शूर होऊन नव्हे. पायात त्राणच नव्हतं.

तिने अंगणातून पांदणीकडे तोंड करून जी हाळी दिली, ती भजनाला छेदून वस्तीपर्यंत गेली असणार. तिचा दीर बैलबंडी घेऊन आला. बंडीतल्या पऱ्हाट्या त्याने आमच्या दारातच ओतल्या, रिकाम्या बंडीत गोधड्या टाकल्या. मला उचलून ठेवलं. वर पाहायचं नाही म्हणून मी खाली पाहत होते. अंगणातल्या चिंचेखाली उन्हाचे कवडसे पडले होते आणि एकूण एक कवडसा फुटक्या बांगडीच्या तुकड्यासारखा वाकडा होता. मी डोळे मिटले.

गावाबाहेर पडायचा रस्ता देवळावरूनच. चाकांचा आवाज ऐकून टाळ थांबले. "सूर्य ग्रासला हाय अन् हिले कोठी नेऊन राह्यले?" "सुटू द्या ना थोडं, घडीभराचं तं काम!" असा एकच गलका झाला. पंचफुलाबाई बंडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती दिराला नुसतं "हान" म्हणाली. आत्याबाई सभामंडपाच्या कडेला आल्या. मला पाहिलं, लुगडं पाहिलं. एक पाय पायरीवर टाकला, आणि तो त्या काळवंडल्या उन्हात त्यांच्याने टाकवेना. साठ वर्षांची भीती त्या पायात होती. त्यांनी अंगावरची धाबळी काढून बंडीत फेकली आणि ओरडल्या, "पोटावर घे व माय, पोटावर घे!" मी घेतली. बंडी वळेपर्यंत त्या तशाच एक पाय पायरीवर ठेवून उभ्या होत्या.

फाट्यावर आमच्या नशिबात एस.टी. म्हणजे नेहमीच कठीण काम. आर्वीकडून येणारी गाडी भरून यायची, आणि आडगावच्या फाट्यावर ड्रायव्हर थांबायचाच असं नव्हतं. त्या दिवशी पुलगावमार्गे वर्ध्याला जाणारी गाडी लांबून दिसली तेव्हा पंचफुलाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरला आणि मी आत पाहते तर काय, सगळी बाकं रिकामी.

"या, या," तो म्हणाला. "आर्वीपासून एक मानूस चढला नाई आज. सारी गाडी खाली हाय."

मला मागच्या लांब बाकावर निजवलं. पाय उंच करून त्यांखाली कंडक्टरने आपली पेटी आणि आमच्या गोधड्यांचं गाठोडं सरकवलं. ज्या ग्रहणाला मी घाबरून बसले होते, त्यानेच ती गाडी रिकामी केली होती, रस्ता मोकळा केला होता. विरूळ आलं, गेलं. हात दाखवायला कोणी नाही, उतरायला कोणी नाही. एकदाही घंटी वाजली नाही. पुलगावच्या स्टँडवर कंडक्टरने उडी मारून मालकांच्या गिरणीत निरोप धाडायला सांगितलं आणि तो चालत्या गाडीत चढला. पंचफुलाबाई माझ्या गालावर चापट्या मारत होती. "झोपू नको. बोल कायबी. तुह्या देवाचं नाव घे, मले चालते." ड्रायव्हर पुढून मोठ्याने म्हणाला, "सकाळपासून शिव्या देऊन राह्यलो बाप्पाले, का आजच्याच दिवशी महीच ड्युटी काऊन लागली म्हनून. आता नाई देत." मला हसू आलं होतं, असं पंचफुलाबाई नंतर सांगायची. मला ते आठवत नाही.

वर्धा आल्यावर ड्रायव्हरने गाडी स्टँडवर न नेता थेट मोठ्या दवाखान्याच्या आवारात घातली. स्ट्रेचर आलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि धावपळ सुरू झाली. वार खाली सरकून बाळाच्या वाटेत आली होती, पोट उघडण्याशिवाय इलाज नव्हता. "हिच्याबरोबर कोण आहे? तुम्ही हिच्या कोण?" असं त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं.

"मी बाईमानूस हावो," पंचफुलाबाई म्हणाली. "तेवढं पुरे नाई काय? तिले आत न्या आधी."

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. नर्सने बाळ आणलं, मुलगी झाली म्हणाली. मी विचारलं, "ओठ?" तिला कळेना. मी पुन्हा विचारलं, "तिचा ओठ कसा आहे?" नर्सने फडकं बाजूला केलं. लहानशी, सुरकुतलेली, मांजराच्या पिलाएवढी. आणि ओठ अख्खा. मी तिच्या ओठावर बोट फिरवलं आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेचना. टाके दुखतील म्हणून डॉक्टरीणबाई रागावल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं काढून घेतलं माझ्याकडून. ऐकून म्हणाल्या, ग्रहणाचा आणि ओठाचा काही संबंध नाही. तसली मुलं ग्रहण नसलेल्या वर्षीही जन्मतात. मग सहज म्हणाल्या, त्यांना बोलताना कल्पनाही नसेल, "अशा बाळाला ओढता येत नाही, पण गिळता येतं. डोकं उचलून धरायचं आणि चमच्याने थोडं थोडं पाजायचं. मोठं झालं की ओठ शिवता येतो."

चमच्याने. माझ्या घरात चमचे होते. छातीत दूध होतं, इतकं की पदर भिजायचा. मी तोंड भिंतीकडे केलं. मुलगी वाचली त्या सकाळी मी माझ्या मुलासाठी पहिल्यांदा पुरतं रडले, आणि त्या रडण्यात कोणाला भागीदार करावं असं माणूस तिथे नव्हतं. पंचफुलाबाईला विचारलं तर ती पहाटेच गेली होती. मालक पोचले, तिने त्यांना सगळं सांगितलं, आणि पहिल्या गाडीने वेचणीला निघून गेली.

बरेच दिवस मी गणपतीला त्या मुलाचा जाब विचारत होते. एवढी मोठी गाडी रिकामी करून पाठवलीस, तर एक चमचा सुचवायला काय झालं होतं? उत्तर आलं नाही, येणारही नाही. पण हळूहळू मला एक दिसायला लागलं. सांगणारं माणूस त्याने तेव्हाही आमच्या गावात पाठवलं होतं, दर महिन्याला. ते विहाराच्या ओट्यावर बसून होतं आणि आम्ही वरच्या आळीत दारं लावून. देव एकाच बाजूने येत असेल असं आम्हीच ठरवून टाकलेलं. पुढच्या महिन्यात नर्सबाई आल्या तेव्हा आत्याबाई स्वतः खाली वस्तीत गेल्या. काय बोलल्या ते त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्यानंतर नर्सबाई एक महिना विहारात आणि एक महिना आमच्या ओसरीवर बसू लागल्या, आणि वरच्या आळीतल्या बायका, आधी नुसत्या दाराशी उभ्या राहून, ऐकू लागल्या.

पोरगी वर्षाची व्हायच्या आत मी केळझरला गणपतीच्या दर्शनाला निघाले. मालकांना रजा नव्हती. पंचफुलाबाईची धाकटी बहीण केळझरला दिलेली, तिला भेटायला तीही त्याच गाडीत होती. टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. वर चला म्हणायची माझी जीभ रेटेना. तिनेच सोपं करून टाकलं. "तू जाय वर. पोरगी मह्यापाशी दे. मी बसते इथं."

वर गेले. काय काय बोलायचं ते मी गाडीत मनाशी जुळवत आले होते. समोर उभी राहिले, हात जोडले, आणि एक शब्द येईना. सारखं वाटत होतं, खाली जावं. मी नमस्कार केला आणि भराभर उतरले.

"झालं काय मांगून?" तिने विचारलं. पोरीने तिच्या लुगड्याचा पदर तोंडात घातला होता.

"मागितलं नाही काही."

"मंग इतकी चढली काऊन?"

"आभार मानायला गेले होते. जमलं नाही. मावशी, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर..."

"मले काई सांगू नको तुह्या देवाचं," ती हसत म्हणाली. "बाई आवाज देऊन राह्यली व्हती, म्हनून आली मी. कोनीबी आलं असतं." कोणी आलं नसतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने पोरीला माझ्याकडे दिलं, तोंडातून पदर सोडवला, पिशवी उचलली आणि बहिणीच्या घराच्या वाटेला लागली. मागे वळून पाहायची तिला सवय नाही.

मी अजूनही बराच वेळ एकटीच असते. मालक पुलगावलाच आहेत, आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं. पण मी देवाला पूर्वीसारखं धरून ठेवत नाही. तो जाईल तिकडे जाऊ देते, येईल त्या दाराने येऊ देते. त्या दिवशी केळझरला गाडी यायला वेळ होता. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून मी पोरीला पदराखाली घेतलं. चांगली भुकेली होती. ती पिऊ लागली, घोटाघोटाचा आवाज येत होता, आणि मी गाडीची वाट पाहायची विसरून तो ऐकत बसले.